सेनेटरचा बर्फ

पाणी घालणं हे एक काम असतं, हे आमच्या बेटाच्या ओल्या बाजूच्या, कानेओहेच्या माणसांना ठाऊकच नसतं. तिकडे डोंगराला ढग टेकलेला, दुपार झाली की सर ठरलेली. अंगणातल्या झाडापासून दोरीवरच्या चादरीपर्यंत सगळं आपोआप भिजतं. वेंडेल आणि डोरीन तिथले. घरमालकाने घर विकलं म्हणून ही भावंडं बेटाच्या कोरड्या बाजूला, आमच्या वायानाएत, माझ्या शेजारी राहायला आली. सामानात एक जाळीचा पिंजरा होता आणि त्यात तीन शिंगांचा, रंग बदलणारा हिरवा सरडा. आमच्या बाजूला पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"सेनेटर," वेंडेल म्हणाला. "एक डोळा तुमच्याकडे, दुसरा शेजाऱ्याकडे, आणि काम शून्य."

तिकडे पिंजरा लिचीच्या झाडाखाली टांगलेला असायचा आणि सेनेटरचं पाणी आभाळ बघायचं. इथे डोरीनने पिंजरा ओसरीत ठेवला आणि आत पाण्याचं भरलेलं वाडगं. आठवड्याभरात त्याचे डोळे खोल गेले, कातडी सैल पडली. भरल्या वाडग्यासमोर बसून तो तहानेने मरायला टेकला होता.

"अरे मूर्खा, समोर ठेवलंय ना!" डोरीन त्याच्यावर ओरडत होती.

"त्याला साठलेलं पाणी कळतच नाही गं," वेंडेल आतून म्हणाला. "वरून थेंब पडला, पानावर चमकला, तरच त्याच्या लेखी ते पाणी."

"मग काय पाऊस पाडू?"

"पाड."

आणि तिने पाडला. प्लॅस्टिकच्या पेल्याच्या बुडाला सुईने भोक पाडलं, त्यात बर्फ भरला आणि पेला पिंजऱ्याच्या छतावर ठेवला. आत जास्वंदाची कुंडी. बर्फ वितळेल तसा एकेक थेंब पानांवर पडायचा आणि सेनेटर हनुवटी वर करून सावकाश चाटत बसायचा. प्यायला लागला की आटपायचं नाव नाही. आम्ही तिघं खुर्च्या टाकून बघत बसायचो. वेंडेल सगळ्यात जवळ.

वेंडेलला पाणी बंद होतं. मूत्रपिंडं गेलेली. मी त्याला दिवसाआड हॉस्पिटलात डायलिसिसच्या यंत्रावर घेऊन जायची, कारण आयुष्यभर शहराची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावरही हात स्टिअरिंगवाचून राहत नाहीत. अंगात साचलेलं पाणी यंत्र काढून घ्यायचं, आणि पुढच्या खेपेपर्यंत त्याने दिवसाला एवढासा पेला प्यायचा. आमटीचं पाणी, फळाचं पाणी, सगळं त्याच पेल्यात धरायचं.

"आंटी," तो गाडीत म्हणायचा, "तोंडात जीभ नाही, कोणाची तरी चप्पल ठेवल्यासारखं वाटतं."

"मग गप्प बस. चप्पल कशाला वाजवतोस?"

त्यावर तो मनापासून हसायचा. वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल.

डोरीन त्याला आपलं एक मूत्रपिंड देणार होती. सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. अडलं होतं एवढ्यावरच, की दोन खेपांच्या मधे त्याचं वजन फार वाढता कामा नये. वजन वाढलं म्हणजे पाणी प्यायला, आणि ज्याला पेलाभर पाण्याचा मोह आवरत नाही तो जन्मभराच्या गोळ्या वेळेवर काय घेणार, असा डॉक्टरांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. गंमत अशी, की शस्त्रक्रियेनंतर भरपूर पाणी प्यावं लागतं. वेंडेलला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. "डॉक्टर मला रागावतील, आंटी, की अजून पी, अजून पी!" असं म्हणताना त्याचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा.

डोरीन हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला. उजाडायच्या आत निघायची, पण निघण्याआधी बर्फाचे ट्रे भरून ठेवायची. दुपारी तो बर्फ पेल्यात घालून पिंजऱ्यावर ठेवायचा, हे वेंडेलकडे. त्या घरात त्याच्या वाट्याला आलेलं तेवढं एकच काम.

उन्हाळा चढला आणि वेंडेलचं वजन वाढायला लागलं. यंत्रावरची नर्स लोरेना काट्याकडे बघून मान हलवायची. "मिस्टर मियाशिरो, हे काय?"

"मीठ," तो म्हणायचा. "मीठ खाल्लं की अंग पाणी धरून ठेवतं."

डोरीनने घरातलं मीठ बंद केलं. नूडल्सचं सूप बंद, डब्यातलं मांस बंद, सोयाची बाटली माझ्या घरी आणून ठेवली. स्वतःही अळणी खायला लागली. तिच्याकडचा मासा एकदा मी चाखला आणि देवाला हात जोडले. वजन मात्र वाढतच राहिलं.

त्याच दिवसांत सेनेटरही उतरायला लागला. हिरव्याचा मातकट झाला, दिवसासुद्धा डोळे मिटून बसायचा.

"इथलं ऊन त्याला सोसत नाही," डोरीन म्हणाली आणि दुकानातून आणखी ट्रे आणले. त्याला ऊन सोसेना म्हणून ती जास्त बर्फ करायची. तरी तो उतरतच गेला, मग आणखी बर्फ. संध्याकाळी घरी आली की सगळे ट्रे रिकामे, पेला पिंजऱ्यावर जागच्या जागी. "घातलास ना रे सगळा?" ती विचारायची. "घातला," वेंडेल म्हणायचा.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी दोघांना, म्हणजे डोरीनला आणि सेनेटरला, प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने त्याला उलटासुलटा करून पाहिलं.

"पाणी कोण देतं याला?"

"रोज बर्फ ठेवतो ना," डोरीन म्हणाली. "भरपूर. थेंब थेंब पडतो."

"नाही. याला कित्येक दिवस पाणीच मिळालेलं नाही. डोळे बघा, आत गेलेत. आणि हा विष्ठेतला भाग पांढरा असायला हवा, तो नारिंगी झालाय. अधूनमधून घोटभर मिळालं असेल तेवढंच. उशीर झालाय हो. मूत्रपिंडं गेलीत याची."

डोरीन हसायला लागली. आधी थोडं, मग इतकं की बाहेर मांजर घेऊन बसलेल्या बाईने दारातून डोकावलं. मी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं. गाडीत बसल्यावर तिचं हसणं थांबलं.

"मीच ट्रे भरत होते, आंटी," ती म्हणाली. "हा सुकत होता म्हणून जास्त भरत होते. आणि वेंडेल तो बसून खात होता."

मला वेंडेलचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याच्यावर गाडी घातली असती. "आता काय करणार?" मी विचारलं.

"काय करणार? परवा शस्त्रक्रियेची मीटिंग आहे."

सेनेटर दुसऱ्या दिवशी गेला. डोरीनने त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून कुंपणापाशी पुरलं. "उन्हाने गेला," तिने भावाला सांगितलं. त्याने मान हलवली आणि उरलेला दिवस टीव्हीसमोर बसून राहिला, टीव्ही बंद असताना.

मीटिंगला मीही आत बसले, कारण गाडीत उकाडा होता. शस्त्रक्रियेचं बघणारी बाई फाइल उघडून बसलेली. तिने वेंडेलला विचारलं, "पाण्याचं कसं चाललंय?"

"थेंब न् थेंब मोजतो."

बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग डोरीनकडे. "वजन तर वेगळंच सांगतंय. तुम्ही घरी असता. तुम्ही काय म्हणता? तुमच्या शब्दावर फाइल पुढे जाईल किंवा थांबेल, म्हणून विचारते."

आमच्याकडे घरची लाज परक्यापुढे काढत नाहीत. छपराला आग लागली तरी पाहुण्याला आधी आणखी भात वाढतात. मला हे ठाऊक होतं, तरी वाटलं होतं की आज ही बोलेल. तिचंच पोट कापणार होते.

"माझा हात सढळ आहे," डोरीन म्हणाली. "स्वयंपाकात मीठ फार पडतं. चूक माझी. आता सुधारेन. तो अगदी शहाण्यासारखा वागतो."

बाईने काहीतरी लिहिलं, हसली आणि म्हणाली, तारीख कळवू.

आम्ही गाडीपाशी आलो. मी स्टिअरिंगपाशी बसले, डोरीन माझ्या शेजारी. वेंडेल मागे बसला, पण त्याने दार लावलं नाही.

"मीठ?" तो म्हणाला. "घरात मीठच नाही, डोरीन."

"दार लाव."

"तुला कळलंय."

"दार लाव म्हणते ना."

"पहिल्या दिवशी एकच खडा घेतला होता. म्हटलं, बाकीचा त्याला. मग..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पिंजऱ्यासमोरच बसून चोखायचो गं. तो हनुवटी वर करून वाट बघत बसायचा. मला दिसत होतं. दिसत असताना मी चोखत होतो."

"पुरे," डोरीन पुढे बघतच म्हणाली. "मिळेल तुला माझं मूत्रपिंड. मग पी हवं तेवढं पाणी, विहीर पी. फक्त माझ्याशी बोलू नकोस."

मी आरशात बघत होते. सुजलेला चेहरा, फाटलेले ओठ.

"नको मला ते," तो म्हणाला.

"नाटकं बंद कर."

"एका सरड्याला दुपारी पेलाभर बर्फ घालायचा होता. दुसरं काही नाही. ते नाही झालं माझ्याच्याने. आणि तू पोट कापून काढून देणार, ते मी सांभाळणार? तेही असंच मारीन मी. मला माहितीये मी कसा आहे ते, आता तुलाही माहितीये. त्या बाईला सांगून येतो, मीठ तुझं नव्हतं म्हणून."

तो उतरला. पाय इतके सुजले होते की सपातांचे पट्टे मांसात रुतले होते. तो हळूहळू, मधे थांबत, इमारतीकडे चालायला लागला.

डोरीनचा हात दाराच्या मुठीवर होता. मला वाटलं, आता उतरेल. आता हाक मारेल, दोन शिव्या घालून दंडाला धरून मागे आणेल. तिला जन्मभर दुसरं काही जमलं नव्हतं. मी चावी फिरवली नाही, वाट बघितली. काचेचं दार सरकलं, तो आत गेला, दार पुन्हा मिटलं.

तिने हात मुठीवरून काढून मांडीवर ठेवला आणि एक लांब श्वास सोडला. असा श्वास मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"एसी लावा, आंटी," ती म्हणाली. "त्याला वेळ लागेल."