जयवंताबाईचा डाग

जयवंताबाईच्या विळ्यापुढे गावातलं एकही लेकरू आजवर गप्प राहिलं नव्हतं. पोट फुगो की हगवण लागो, बाया लेकरू तिच्याच मांडीवर आणून टाकत. तापला विळा बेंबीजवळ टेकला की ते असं किंचाळायचं की गल्लीतली कुत्री भुंकायला लागत. हाताला गुण आहे, असं लोक म्हणत आणि बाईला त्याचा माज होता.

त्या श्रावणात तिचाच वर्षाचा नातू माणिक दोन दिवस हगवण-ओकारीनं पिळून निघाला आणि तिसऱ्या दिवशी एकदम शांत झाला.

"आराम पडला," तिचा मुलगा लक्ष्मण म्हणाला.

म्हातारीनं तरी विळा टेकवला. कातडी चरचरली, जळका वास सुटला. माणिक हललासुद्धा नाही.

तिनं पावलं चाचपली, तर ती रांजणासारखी गार.

"लक्ष्या, जीप आन! बोथच्या दवाखान्यात चाल!"

"आता कुठं निजला थो. काऊन उठवून राह्यली?"

तिनं त्याच्या थोबाडात अशी हाणली की ओठ फुटला. "हे निजणं नोहे, मेल्या!"

बोथच्या दवाखान्यात डॉक्टर शरदचंद्रांनी माणिकच्या छातीवर बोट दाबून उचललं. जागा पांढरीच राहिली.

"अंगातलं पाणी आटलंय, रक्त पुरेनासं झालंय. हा शॉक आहे."

सलाईन लावायला शीर कुठंच सापडेना. मग त्यांनी जाड सुई घेतली आणि गुडघ्याखाली नडगीच्या हाडात पिळत घुसवली.

"माह्या पोराले मारून राह्यला!" लक्ष्मणनं डॉक्टरचा गळाच धरला.

जयवंताबाईनं कोपऱ्यातली लोखंडी बादली मुलाच्या डोक्यात घातली. तो कोसळला तशी ती त्याच्या छातीवर चढून बसली. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं, पण तिनं त्याला सोडलं नाही.

"टोचू दे त्याइले! इळा लावला तं हू की चू केलं नाही रे पोरानं!"

डॉक्टर खोकत खोकत पिचकारीनं सलाईन ढकलत राहिले. किती पिचकाऱ्या झाल्या कोण जाणे, पण पावलं कोमट झाली. म्हातारी उठून वाकली. तिचा पदर पोटावरच्या फोडाला घासला आणि माणिक किंचाळला.

हाच आवाज तिनं शेकडो लेकरांच्या तोंडून ऐकला होता आणि दर वेळी तिची छाती फुगली होती. लेकराला दुखतं, हे तिला आज कळलं.

"डॉक्टरसायेब, हा हात तोडून टाका माहा," ती हंबरडा फोडत म्हणाली.

"ते नंतर पाहू. आधी त्याच हातानं पाय धरा. सुई हलता कामा नये."

तिनं पाय धरला. माणिक रडत राहिला.