विहिरीपासून एकोणीस पावलं

भूकंपानंतर गावाला सगळं नवं मिळालं. किल्लारीच्या पलीकडं माळावर सरळ गल्ल्या, एका मापाची घरं आणि प्रत्येक घरामागं एक संडास. घरांत माणसं राहायला गेली आणि संडासात कडबा, गोवऱ्या, मोडक्या खाटा गेल्या. घरं बांधून देणाऱ्या संस्थेचे लोक पाहणीला आले की कडबा तेवढ्यापुरता बाहेर निघायचा, त्यांची जीप वळणाआड गेली की पुन्हा आत. गावाचं म्हणणं साधं होतं: चुलीमागं दहा हातांवर असलं काम कोण करील? बाया पहाटे अंधारात ओढ्याकडं जायच्या. पुरुषांना वेळेचं बंधन नव्हतं.

सलीम मिस्त्रीच्या संडासात त्याची थापी, ओळंबा आणि सुतळीचे गुंडे असायचे. शहाण्णव साली त्यानं या गावाला विहीर बांधून दिली. चाळीस फुटांवर गोड पाणी लागलं. आतलं बांधकाम जुन्या गावच्या पडलेल्या भिंतींच्या दगडांचं. ते दगड घराला लावायला कुणी धजत नव्हतं, त्यांच्याखालीच तर माणसं गेली होती. सलीमची बायको शबानाही तशीच गेली, तीन वर्षांच्या सालेहाला मागं ठेवून. "मारलं त्यांनी, आता पाणी पाजू द्या," असं म्हणत त्यानं ते दगड गाड्या भरभरून आणले. विहीर पुरी झाली तेव्हा कुठं हा माणूस माणसांत आला. घरी पाहुणा आला की त्याला आधी विहीर बघावी लागे, आणि कौतुक कमी पडलं तर मिस्त्री चहाचं विसरून जाई.

सालेहाला शेजारच्या रत्नम्मानं वाढवलं. बाई लिंगायत, सोवळ्याओवळ्याची पक्की. पण वेणी घालण्यापासून तापात उशाला बसण्यापर्यंत त्या पोरीचं सगळं तिनंच केलं. पोरगी हुशार निघाली. दहावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लासला गेली, आणि तिच्यामागं गल्लीतल्या आणखी चार पोरी गेल्या. तिथं होस्टेलात त्यांना कडी लागणाऱ्या संडासाची सवय झाली, आणि ही सवय एकदा लागली की सुटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत सालेहानं बापाची हत्यारं अंगणात काढून ठेवली, आतली फरशी घासली आणि म्हणाली, "अब्बा, आता इथं तुमचं सामान न्हाई." पाहता पाहता गल्लीभर गोवऱ्या बाहेर पडल्या. गुडघ्यांनी टेकीला आलेली रत्नम्मा त्यात सगळ्यांच्या पुढं होती.

पुढचा पावसाळा सरता सरता गल्लीत पोरं हगवणीनं आजारी पडू लागली. आधी तीन, मग अकरा. रत्नम्माचा नातू शिवांश लातूरच्या दवाखान्यात सहा दिवस सलाइनवर होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं. पोरगं वाचलं, पण गाव हादरलं.

सालेहा सुट्टी काढून आली. उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून तिनं पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आणल्या. पाणी भरून ठेवायचं, त्यात घाण असली तर दुसऱ्या दिवशी ते काळं पडतं. सरपंच बसवंतच्या शेतातल्या विहिरीचं पाणी जसंच्या तसं राहिलं. बापाच्या विहिरीचं शाईसारखं काळं झालं.

"बाटलीच खराब आसंल," सलीम म्हणाला. त्यानं स्वतः पोहरा सोडून दुसरी बाटली भरली आणि रात्रभर उशाशी ठेवली. तीही काळी पडली. मग सालेहानं विहिरीपासून पावलं मोजायला सुरुवात केली. सगळ्यांत जवळच्या संडासाच्या शोषखड्ड्यापर्यंत, म्हणजे मैला जमिनीत जिरतो तिथवर, एकोणीस भरली. उतारही खड्ड्यांकडून विहिरीकडंच होता. सलीमला समजायला आणखी काही सांगावं लागलं नाही. विहीर खणताना त्यानं ते खड्डे पाहिले होते, झाकणावर बसून भाकरीसुद्धा खाल्ली होती. पण ज्यात कडबा भरलाय तो संडास कसला, म्हणून त्यानं ते हिशेबात धरलेच नव्हते.

संध्याकाळी समाजमंदिरात गाव बसलं. बसवंतनं वेळ घालवला नाही. "इलाज सोपा हाय. अकरा वर्सं हेच पाणी पिऊन राहिलो न्हवं? खड्डे उपसा आन् संडासाला कुलपं लावा. वर्साभरात पाणी पहिल्यासारखं हुतंय. बायकांना काय, सवय हाय."

पुरुषांनी माना डोलावल्या आणि सगळे मिस्त्रीकडं पाहू लागले. विहिरीचं त्यानं सांगायचं आणि गावानं ऐकायचं, हे ठरलेलं होतं. खरं सांगायचं तर बसवंतचं बोलणं ऐकून सलीमला हायसं वाटलं. विहीर वाचत होती.

सालेहा खाली बघत म्हणाली, "मी जाईन ओढ्याला, अब्बा. विहीर राहू द्या."

तेव्हा बायकांमधून रत्नम्मा उठली. गुडघे धरत उठायला तिला वेळ लागला. "सलीमभाऊ, चाळीस वर्सं मी पोट दाबून अंधाराची वाट बघितली. दिवसा पाणीबी बेतानं प्यायचं, मधीच जावं लागंल म्हणून. हे एक वर्स झालं, तहान लागली की पिते. तुमी म्हणाल तर पुन्हा जाईन ओढ्याला. पण तुमी तोंडावर म्हणा."

सलीमला शबाना आठवली. ती दुपारनंतर पाण्याला शिवायची नाही. त्याला वाटायचं, हिला तहानच कमी. साऱ्या गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाला घरच्या बाईची तहान कळली नव्हती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"चूक संडासाची न्हाई, माझी हाय," तो म्हणाला. "ती विहीर बंद करा. शाळेच्या वरच्या अंगाला दुसरी खणतो. पाणी लागंस्तोवर बसवंतच्या शेतातनं आणायचं, आन् ते गडी माणसांनी आणायचं."

मागं कुणीतरी हसलं. बसवंत मात्र हसला नाही. "बरं, घ्या माझ्या विहिरीचं," एवढंच तो म्हणाला.

सकाळी सलीमनं स्वतः रहाट उतरवला. धुण्यापुरती विहीर ठेवू, असं दोघाचौघांनी सुचवून पाहिलं, पण रहाट दिसला की लोक पिणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात सवयीनं रत्नम्मा घागर घेऊन आली.

"अक्का, हे पाणी आता प्यायचं न्हाई," तो म्हणाला. कठड्यावर बसून तो सगळ्यांदेखत रडला. भूकंपाच्या दिवसांतही गावानं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. रत्नम्मानं त्याला गप्प केलं नाही. ती शेजारी बसून राहिली.

मग त्यानं तोंड पुसलं, तिची घागर खांद्यावर घेतली आणि भर गल्लीतून बसवंतच्या शेताची वाट धरली. परत येताना खांदा इतका भरून आला की त्याला घागर दोनदा खाली ठेवावी लागली. दारात पोचल्यावर रत्नम्मानं तांब्या बुडवला आणि भर दिवसा, त्याच्यासमोर उभं राहून, ती पोटभर पाणी प्याली.