साडेबारा तास, एकटी

मेलबर्नच्या कंपनीसमोर नव्या ब्रेकची रचना मांडायला लतिकाच जाणार, हे दिल्लीजवळच्या मानेसरच्या ऑफिसात ठरलं. रचना तिचीच होती. पण लगेच जो तो मोबाइलवर अंतर बघायला लागला. दिल्लीपासून दहा हजार दोनशे किलोमीटर, विमानात सलग साडेबारा तास. नऊ वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात लतिकाचे पाय लुळे पडले होते. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर होती.

"ताई, मी येतो बरोबर," धाकटा भाऊ विक्रांत म्हणाला.

"मीटिंगमध्ये तू काय करणार?"

"मीटिंगचं नाही, यार. विमानाचं बोलतोय मी."

ती वाद घालत बसली नाही. रविवारी सकाळी सातला ती घरातल्या हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसली, ती संध्याकाळी साडेसातपर्यंत. बसून बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून दर वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग वर उचलायची. दोनदा व्हीलचेअरवर सरकून बाथरूमला जाऊन आली, तेही कुणाची मदत न घेता. शेवटच्या तासाला खांदे भरून आले होते, पण विक्रांतने पुन्हा विषय काढला नाही.

विमानतळावर मात्र काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, खुर्ची पाहिली आणि सुपरवायझरला बोलावलं. ते गृहस्थ अगदी नम्रपणे बोलले.

"मॅडम, इतनी लंबी फ्लाइट में आप अकेली नहीं जा सकतीं. साथ में कोई चाहिए."

"दोन तासांची असती तर चाललं असतं का?" लतिकाने हिंदीतच विचारलं.

"वो अलग बात है. यह आपकी सेफ्टी के लिए है."

"मग नाकारताय असं लिहून द्या. कारण लिहा, खाली नाव आणि सही."

ते हसले. असं लिहून देत नाहीत, म्हणाले. मग म्हणाले, सीटवर स्वतः बसता येतं का, ते इथेच बाकावर बसून दाखवा. मागे रांगेत पन्नासेक माणसं होती. तिला सोडायला आलेला विक्रांत पुढे सरसावला. लतिकाने त्याचं मनगट धरून त्याला थांबवलं.

"इथे खेळ करून दाखवणार नाही मी," ती म्हणाली. "बाकी प्रवाशांना उठाबशा काढायला लावता का? बोर्डिंग पास द्या, नाहीतर कागद द्या. तोपर्यंत मी हलत नाही."

तिने चाकांना ब्रेक लावले, तेही नेमके काउंटरसमोर. सुपरवायझरने तीन फोन केले. चाळीस मिनिटं गेली. कागदावर सही करायला कुणीच तयार होईना. शेवटी त्या काउंटरवरच्या मुलीनेच खाली मान घालून पास छापला आणि हळूच म्हणाली, "सॉरी, मॅम."

"तुम्हारी गलती नहीं है," लतिका म्हणाली आणि तिने सुपरवायझरच्या छातीवरची पाटी वाचून नाव टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेलबर्नहून तिचा फोन आला.

"कशी आहेस?" विक्रांतने विचारलं.

"पाय सुजलेत. पाठ ठणकतेय. झोप अजिबात नाही."

"बघ, मी म्हणत होतो..."

"शेजारच्या माणसाचेही पाय सुजले होते. त्याला कुणी अडवलं नाही. तक्रार विमानातच लिहून काढली, आत्ता पाठवली. एक प्रत तुला ईमेल केलीय, जपून ठेव. आता ठेवते, मला न्यायला गाडी आलीय."