पायाला ऐकू येते

मित्रांनो, मी एक जुने शिवणयंत्र आहे, पायाने चालवायचे. नवे असताना माझे चाक इतके हलके फिरे की दुकानदारही मला विकताना हळहळला होता.

मी ज्या घरात आले, तिथली आई लोकांचे कपडे शिवून देई. शिवताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, म्हणून तोंड बंद. तिची दोन मुले मात्र घर डोक्यावर घेत. धाकटा ताटल्या बडवी आणि वर फिर्याद आणी, "आई, ही माझ्याकडे बघते!" ताई किंचाळे, "मी काही केलंच नाही!" आई मानही वर करत नसे. शेजारीण म्हणे, "अहो, तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

याचे उत्तर फक्त मला ठाऊक होते आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. आईचा पाय माझ्यावर असे ना! भांडणे, लटके रडणे, ताटल्या, काहीही चालू असो, पाय एका लयीत चाले. धाकटा नुसता खोकला, तरी पाय मंदावे. कुणी खरोखर पडले, तर रडू फुटायच्या आत माझे चाक थांबलेले असे.

पण हे ताईला कोण सांगणार? शाळेच्या भाषणस्पर्धेसाठी ती रोज माझ्यासमोर उभी राहून झाडांवरचे भाषण म्हणे. आई तिचाच फ्रॉक शिवत होती, मान खाली घालून. एका संध्याकाळी ताईचा धीर सुटला. भाषणाच्याच सुरात ती म्हणाली, "आणि श्रोतेहो, माझी आई तर बहिरीच आहे!"

पाय थांबला नाही. पण अडखळला. मला ते स्पष्ट जाणवले.

आईने शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला. ताईचे डोळे भरले होते. "मी जाणारच नाही स्पर्धेला. तुला कुठे ऐकायचंय?"

आईने ओठांतल्या टाचण्या काढून त्यांच्या छोट्या उशीत खोचल्या. "बहिरी आई कालपर्यंत भाषणात नव्हती," ती म्हणाली. "आणि मुळांचं वाक्य आज गाळलंस. ते फार छान म्हणतेस तू. तिथे घाई करू नकोस."

ताई बघतच राहिली. "म्हणजे तू सगळं ऐकत होतीस?"

"सगळं कशाला? तुमची भांडणं ऐकत बसले, तर शिवू कधी?"

ताईला हसू आणि रडू एकदमच आले. पाय अडखळला तिथे फ्रॉकच्या घेरावर एक टाका वाकडा पडला होता. असले काम आई कधीच घराबाहेर जाऊ देत नसे. ती उसवायला लागली, तसा ताईने तिचा हात धरला. "राहू दे. तो माझा आहे."

त्याच फ्रॉकमध्ये ती स्पर्धेला गेली. बक्षिसाचे मला कुणी सांगितले नाही, पण मुळांचे वाक्य तिने सावकाश म्हटले म्हणे.

पुढे तयार कपडे आले. माझ्यावर चादर पडली, मग कुंड्या आल्या, गंज चढला. तेव्हा मला फार वाईट वाटले. शेवटी ताईनेच मला आपल्या घरी नेले आणि तेल घातले. आता तिची मुलगी ओरडते, "आई, तू ऐकतच नाहीस!" ताई मान वर करत नाही. पण तिचा पाय अडखळतो, अगदी तसाच.

म्हणून मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला तेल घालत जा. आई ऐकते, याचा साक्षीदार तुमच्याही घरात एखादा असेल. त्याला गंजू देऊ नका.