कुंडीखालची खुर्ची

"तुमच्या हॉटेलच्या दारात बोगनवेलीची कुंडी आहे ना, तिच्या खालची खुर्ची अजून चालते का?"

फोनवर हा प्रश्न आला आणि काउंटरवरच्या ताईंनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पलीकडून एका मुलीचा आवाज येत होता आणि तिच्या मागून आणखी चार-पाच जणींचं खुसुखुसु हसणं. "विचार गं, विचार! घाबरलीस ना?" असं कोणीतरी तिला डिवचत होतं.

ताई उठल्या, दाराशी आल्या, बोगनवेलीची फांदी उचलून खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चाकं तर दिसतायत."

"चाकं मला फोटोतच दिसली. त्यांच्यात हवा आहे का?"

"हवेचं म्हणाल तर आमच्याकडे भरपूर. समोर समुद्रच आहे!"

पलीकडे हास्याचा स्फोट झाला. ताईंना आपण काय बोललो ते उशिरा कळलं आणि त्याही हसत सुटल्या.

मित्रांनो, ती कुंडीखालची खुर्ची म्हणजे मी. मी एक जुनी खुर्ची आहे, वाळूवर चालणारी. आणि गोष्ट सांगण्याआधीच बजावते, माझी कीव करायची नाही. जुन्या वस्तूची कहाणी म्हटली की लोक आधीच चेहरा पाडून बसतात. तुम्ही ताठ बसा. मी पण ताठच आहे, माझी पाठ सागवानाची आहे.

माझा जन्म याच हॉटेलच्या अंगणात झाला. तेव्हा हे हॉटेल म्हणजे पुढे एक व्हरांडा, मागे ओळीनं काही खोल्या आणि व्हरांड्याच्या पायरीपासून थेट वाळू, एवढंच होतं. बंदर जवळ, म्हणून जहाजानं फिरायला निघणारी मंडळी आदल्या दिवशी इथे मुक्काम करायची. मालकांची एक बहीण इथेच राहायची. सगळे तिला आत्याबाई म्हणत. लहानपणी ताप आला आणि जाताना तिच्या पायांतली शक्ती घेऊन गेला. तिची खाट खिडकीला लावलेली असे. येणारा जाणारा म्हणायचा, "तुमचं बरंय हो, रोज समुद्र दिसतो!"

आत्याबाई म्हणायची, "दिसतो की. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरही दिसतं."

एक दिवस तिनं बोटी दुरुस्त करणाऱ्या सुताराला बोलावलं आणि सांगितलं, "मला पाण्यात जायचंय. कोणी उचलून नेऊन परत आणून ठेवायचं नाहीये. जायचंय." सुतारानं डोकं खाजवलं आणि मला घडवलं. पहिल्यांदा त्यानं मला सायकलची चाकं लावली. काय सांगू! वाळूत पाऊल टाकलं आणि मी जी रुतले ती रुतलेच. वाट बघणाऱ्यांचे चेहरे पडले. आत्याबाई मात्र पोट धरून हसली आणि म्हणाली, "खुर्ची छान झाली रे. आता चाकं कर!"

मग सुताराची नजर धक्क्यावर गेली. बोटी धक्क्याला आदळू नयेत म्हणून त्यांच्या कडेला हवा भरलेले जाडजूड रबरी फुगे टांगलेले असतात, ते तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या मधोमध दोरी ओवायला आरपार भोक असतं. त्यानं त्या भोकांतून दांडा घातला, दोन फुगे मागे लावले, एक पुढे लावला. वाळूनं हार मानली! आणि पुढच्या फुग्याला त्यानं एका मोडीत निघालेल्या होडीचं लाकडी सुकाणू जोडलं. ते थेट बसणाऱ्याच्या हातात यायचं.

माझं सगळं शहाणपण त्या सुकाणूत आहे. मला मागून कोणीतरी ढकलावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण कुठे जायचं ते ढकलणारा ठरवत नाही. "ढकलणाऱ्यानं ढकलावं, वळवणाऱ्यानं वळवावं, आणि मधे कोणी बोलू नये," हा आत्याबाईचा कायदा होता. तिचा भाऊ, म्हणजे खुद्द हॉटेलचा मालक, मागून ढकलायचा आणि निमूट ऐकायचा.

मग माझे दिवस आले. गुडघ्यांनी दगा दिलेल्या आज्या माझ्यावर बसून लाटांत शिरल्या आणि शाळकरी पोरींसारख्या किंचाळल्या. एक आजोबा तर माझ्यावरून उतरायलाच तयार नव्हते. त्यांचं जहाज भोंगा वाजवत होतं, आणि त्यांची सून काठावरून ओरडत होती, "अहो मामंजी, जहाज सुटेल!" ते म्हणाले, "सुटू दे गं, समुद्र तर हाच आहे ना!" लोक पत्ता शोधत यायचे. हॉटेलचं नाव कोणाला आठवायचं नाही, "ती वाळूतली खुर्ची आहे ना, तिथे" असं म्हणायचे. हे मी फुशारकी मारून सांगतेय का? हो, मारतेय. केलंय तर सांगायला कशाला लाजायचं?

पुढे आत्याबाई गेली, तिच्या मागून तिचा भाऊ गेला, हॉटेल विकलं गेलं. वरती मजले चढले, खिडक्यांना काचा आल्या. मला आधी जिन्याखाली ढकललं. मग नवे मॅनेजर आले. ते म्हणाले, "अरे वा, अँटिक!" आणि मला सोनेरी रंग फासून दारात मांडलं. कोणी पळवू नये म्हणून साखळी घातली. चाकांतली हवा कधीच गेली होती, सुकाणूचा खिळा गंजला होता. माळीकाकांनी माझ्या मांडीवर बोगनवेल आणून ठेवली आणि कुंडीचं पाणी साचू नये म्हणून माझ्या बैठकीला गिरमिटानं भोक पाडलं! वर सुकाणूला झारी अडकवली. येणारे-जाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. "किती क्यूट!" म्हणत. मी क्यूट नाही हो. मी दणकट आहे. पण कुंडीखाली दबलेल्याचं कोण ऐकतं?

ऐकलं ते त्या फोनवरच्या मुलीनं.

आधी तिची ओळख करून देते. घरी तिला चिमणी म्हणतात आणि वर्गात तोफ. तोफ हे नाव नवीन आहे, यंदाच पडलंय, मैत्रिणींत धडाधड बोलते म्हणून. ती जन्मापासून चाकाच्या खुर्चीत बसते. तिची खुर्ची माझ्यासारखी नाही, ती सडपातळ, चकचकीत, शहरातली. घरात एक रीत पडून गेली होती. चिमणीला कोणी काही विचारलं की उत्तर आई द्यायची. "तिला भूक नाहीये." "तिला थंडी वाजतेय." शाळेची सहल दर वर्षी जायची, आणि बाई चिमणीला विचारायच्या आधीच आई सांगून टाकायची, "तिथे तिची सोय होणार नाही, ती घरीच राहील." आईचं प्रेम काही खोटं नव्हतं. पण प्रेमाला जरा थांबून ऐकायची सवय नव्हती.

यंदा बाबांनी जहाजाची सफर ठरवली. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून आदल्या दिवशीच पोचायचं ठरलं, आणि हॉटेल निवडायला घर बसलं. बाबांना बंदराच्या अगदी दारातलं नवं हॉटेल पसंत होतं. चाकांसाठी उतार आहे, लिफ्ट आहे, सातव्या मजल्यावरून समुद्र दिसतो. आई म्हणाली, "झालं तर मग, हेच."

चिमणी म्हणाली, "जहाजावर चार दिवस समुद्र दिसणारच आहे. तिथे तो नुसताच दिसणार. हात लावायचा तर आदल्या दिवशीच लावता येईल. आणि तुम्ही मला त्या दिवशी पण काचेमागे ठेवताय!"

"वाळूत खुर्ची रुतते, चिमणे," बाबा म्हणाले. "मी उचलून नेईन तुला पाण्यापर्यंत."

"मी आता पोतं नाहीये, बाबा."

मग ती शाळेत जाऊन मैत्रिणींबरोबर समुद्रकाठच्या हॉटेलांचे फोटो चाळत बसली. सगळ्या पलंग, पडदे, पोहण्याचा तलाव बघत होत्या. ही चाकांतली मुलगी, हिची नजर चाकांवर! बोगनवेलीच्या मागे तिला माझा बसका काळा फुगा दिसला. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मैत्रिणी म्हणाल्या, "मग विचार ना फोन करून. एवढी तोफ म्हणवतेस! तिथे तोंड उघडलं तरच सहलीचं विचारायला बाईंसमोर उघडेल." फोनवरचं पुढचं तुम्ही ऐकलंच आहे, आणि घरी जाऊन तिनं हट्टानं हेच हॉटेल ठरवायला लावलं.

ती आली त्या दुपारी आकाश स्वच्छ होतं आणि पलीकडे बंदरात पांढरं जहाज उभं होतं. तिच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत चेंडूत हवा भरायचा पंप. मैत्रिणींनी दिलेला. ती थेट माझ्यापाशी आली आणि माझ्या चाकाला बोटानं दाबून बघितलं. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला फोटोसाठी नाही, तपासायला हात लावला.

मॅनेजर धावत आले. तिच्या डोक्यावरून बाबांना म्हणाले, "सर, ती शोपीस आहे. हलवता येणार नाही. यांना काही झालं तर?"

"साहेब," चिमणी म्हणाली, "मी इथे खाली आहे."

मॅनेजरांची नजर खाली आली.

"हॉटेल मी या खुर्चीसाठी निवडलंय. ताईंनी फोनवर चाकं आहेत म्हणून सांगितलं. हवा मी आणलीय."

"चिमणे, राहू दे," बाबा म्हणाले. "जुनी आहे ती, मोडेल."

जुनी आहे म्हणे! मला बोलता आलं असतं ना, तर! पण चिमणीच बोलली. "मोडली तर पाण्यात बसेन, बाबा. तिथेच तर जायचंय."

काउंटरवरच्या ताईंनी तोंडावर हात ठेवला. माळीकाकांनी मात्र कमरेची किल्ली काढून साखळी सोडवलीसुद्धा. मग त्यांना आठवलं. "अगं पोरी, पण माझी बोगनवेल कुठे ठेवू? खाली ठेवली तर येणारे-जाणारे तुडवतील तिला."

"माझ्या खुर्चीत ठेवा!" चिमणी म्हणाली. बाबांच्या खांद्याचा आधार घेऊन ती माझ्यावर सरकली आणि तिच्या चकचकीत खुर्चीत बोगनवेल जाऊन बसली, राणीसारखी. ते बघून मॅनेजरांना हसू आवरेना. हसणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

पंपाची सुई माझ्या चाकात शिरली आणि मित्रांनो, मी फुगले. एकेक चाक करत उठले. पण सुकाणू वळेना. गंजलेला खिळा हट्टाला पेटला होता. चिमणीनं जोर लावला, तिचा चेहरा लाल झाला. बाबा म्हणाले, "नसू दे ते, मी मागून वळवतो."

"नाही. मग काय उपयोग?"

इतका वेळ आई मागे सामानापाशी उभी होती. आता तिनं पर्स उघडली, डोक्याला लावायच्या तेलाची बाटली काढली आणि खिळ्यावर अर्धी उपडी केली. "आता वळव," एवढंच म्हणाली. सुकाणू करकरलं आणि वळलं. माझ्या खिळ्याला अजून त्या तेलाचा वास येतो.

आम्ही वाळूत उतरलो. बाबा मागून ढकलत होते. ओल्या वाळूच्या कडेला येताच ते थांबले. "बास, इथवर पुरे. इथे पाणी येईल तुझ्या पायाशी."

चिमणी पुढे वाकली. तिनं सुकाणू समुद्राकडे धरलं. बाबांनी मला काठाकाठानं न्यायला एक धक्का दिला, पण मी सुकाणूचं ऐकते, मित्रांनो, मी धक्क्याचं ऐकत नाही. मी वळले ती सरळ पाण्यात. बाबांची जहाजासाठी शिवलेली नवीकोरी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. "अगं, अगं, अगं!" करत ते मागून आलेच. पहिली लाट तिच्या पायांवर आली, दुसरी मांडीवर, आणि तिसरी तर अख्खी अंगावर! ती अशी ओरडली, की काठावरचे पक्षी उडाले. बैठकीत साचलेलं पाणी माळीकाकांच्या भोकातून गळगळ निघून गेलं. काका, तुमच्या गिरमिटाला माफ केलं.

आता माझं मागणं सांगते. मला रंग नको, साखळी नको, माझ्याशेजारी उभं राहून उसासे टाकणं नको. चाकांत हवा आणि खिळ्याला तेल, एवढं द्या. तुमच्या घरातही जिन्याखाली, माळ्यावर, कुंडीखाली कोणीतरी असेल. त्याला शोभेचं ठरवण्याआधी विचारून बघा, की तू अजून चालतोस का? आणि हा प्रश्न फक्त वस्तूंपुरता ठेवू नका.

आई चपला हातात घेऊन काठावर उभी होती. मग काय वाटलं कोणास ठाऊक, चपला वाळूत टाकून तीही पाण्यात आली. चिमणीनं सुकाणू फिरवलं. बाबांनी या खेपेला न सांगता ढकललं. मी वळले, आईसमोर उभी राहिले.

"चिमणे, थंडी वाज..." आईनं सुरुवात केली आणि मधेच थांबली. "थंडी वाजतेय का तुला?"

"नाही वाजत," चिमणी म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं, दात मात्र सगळे दिसत होते. "आई, बाबा, ऐका. विचारत नाहीये, सांगतेय. यंदाच्या सहलीला मी जाणार. बाईंना मीच सांगणार. आणि तुम्ही दोघं सोबत यायचं नाही. ढकलायला मैत्रिणी आहेत, वळवायला मी आहे."