दोरीआडची कढई

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे. निदान मला तरी तसं वाटतं. माझ्यापुढं रोवलेल्या पाटीवर काही वेगळंच लिहिलंय म्हणे, त्यामुळं मीही आता छातीठोकपणे काही सांगत नाही. रोज इतकी माणसं येतात आणि मी कोण हे मलाच समजावून जातात, की एखादीचं डोकं फिरायचं.

वाळवंटाकाठच्या यारकंद शहरातल्या नियाझ उस्तानं, म्हणजे कसबी ओताऱ्यानं, मला ओतलं. साच्यातून काढल्यावर त्यानं माझ्या काठावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "चांगली बोलते. मजारावर जाऊ दे हिला." मजार म्हणजे खोजांची, तिकडच्या पीरांच्या घराण्याची, कबरगाह. हिरव्या फरश्यांचा घुमट, चार कोपऱ्यांना चार गुबगुबीत मिनार, आणि आत पाच पिढ्यांच्या एकेचाळीस कबरी, थोरांच्या मोठ्या आणि पोराबाळांच्या वीतभर. फरश्या पडतील तशा नव्या बसवत गेल्यानं घुमट मधेच पिवळा, मधेच निळा, फाटक्या गोधडीला ठिगळं लावावीत तसा दिसतो. मला अंगणातल्या तुतीखाली चुलीवर बसवलं.

माझं काम साधं होतं. दर गुरुवारी बायका कणीक आणि जवसाचं तेल घेऊन यायच्या. तेल कडकडीत तापवायच्या, त्यात पोश्काल तळायच्या. पोश्काल म्हणजे ताटाएवढी पातळ पुरीच. पण त्या पुरीला महत्त्व नव्हतं, महत्त्व वासाला. तापल्या तेलाचा वास मेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, तेच त्यांचं जेवण. पुरी मग जिवंत माणसांनी त्यांच्या नावानं खायची. हे मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही, आजही कळत नाही. वास त्यांचा, पुरी यांची, मग चटके तेवढे माझे का? पण बायका घरी जाताना हलक्या होऊन जायच्या, एवढं मी पाहिलं. मग मी विचार करणं सोडलं आणि तापत राहिले.

या बायकांतली एक बुसारेम. तिचा धाकटा भाऊ झुनून अक्रोडांचा ट्रक घेऊन वाळवंटापलीकडं निघाला आणि वाळूच्या वादळात गडप झाला. ट्रक सापडला, झुनून नाही. ना मयत, ना कबर. घरात तळायला लागलेल्या बुसारेमला आईनं अडवलं. "घरात तळलंस तर वास घरच्या मेलेल्यांना मिळेल. त्याचा ठावठिकाणाच नाही, त्याला कोण देणार? मजारावर तळ. ती थोर माणसं आहेत, शोधून पोचवतील." तेव्हापासून दरवर्षी झुनूनच्या दिवशी बुसारेम यायची. सव्वीस वर्षं आली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तीन वर्षं खंड पडला.

नेमक्या त्याच तीन वर्षांत माझं सगळं बदललं. कबरगाहला तिकीट लागलं. चूल मोडून तिथं फुलांचा वाफा केला. मला घासूनपुसून एका ओट्यावर ठेवलं आणि भोवती लाल दोरी लावली. हात लावायचा नाही! मला वाटलं, चला, म्हातारपणी मान मिळाला. पण पावसाचं पाणी माझ्यात साचलं, ते कुणी उपसलं नाही. आइस्क्रीमच्या काड्या पडल्या, त्या तशाच. बुडाला गंज चढला. हा मान होता की हाल, तुम्हीच सांगा. एक वाटाड्या म्हणायचा, "यात सैनिकांचा भात शिजायचा." दुसरी म्हणायची, "यात खोजांच्या लेकी न्हायच्या." मी आठवून आठवून दमले. न्हाल्या असतील का? इतकी माणसं म्हणतात, म्हणजे मीच विसरले असेन.

यंदाच्या जुलैत, भर दुपारी, बुसारेम आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाची बाटली आणि फडक्यात झाकलेली कणीक. तिनं तुतीखाली पाहिलं, वाफा पाहिला, मग मला पाहिलं.

"होशूर आका, चूल कुठाय?"

होशूर इथला जुना झाडूवाला, सगळे त्याला आका, म्हणजे दादा, म्हणतात. त्याचा बाप झाडायचा, आजाही झाडायचा. आता त्याला शिट्टी आणि टोपी मिळालीय.

"चूल गेली पोरी. विस्तव बंद. काडीसुद्धा ओढायची नाही."

"आणि ही दोरी कशाला? कढई काय पळून चालली होती?"

"मला काय विचारतेस? वरून आलीय दोरी. तू इथं काही पेटवलंस तर माझी टोपी जाईल."

"जाऊ दे की! नाहीतरी तिच्यात तू लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतोस."

होशूर हसला नाही. बुसारेमही मग खाली बसली आणि रडायलाच लागली. "आका, तीन वर्षं उपाशी आहे रे तो. आज त्याचा दिवस आहे. मी त्याला काय सांगू, दोरी होती म्हणून?"

मित्रांनो, मी नुसती बघत होते. माझ्यासमोर तेल होतं, कणीक होती, आणि माझ्याखाली विस्तव पेटवायला कुणी नव्हतं. नव्वद वर्षांत मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

होशूरनं शिट्टी चाचपली, टोपी काढून डोकं खाजवलं. मग माझ्याजवळ येऊन आत डोकावला आणि एकदम खेकसला, "केवढा गंज हा! इथली साफसफाई कुणाकडं आहे? माझ्याकडं! आण ते तेल."

"कशाला?"

"गंज काढायला गं, येडे. बिडाला तेल लावायला कुणाची मनाई आहे?"

त्यानं दोरीचा आकडा काढला. काड्या वेचून फेकल्या, वाळूनं मला खसाखसा घासलं, फडक्यानं पुसलं. मग बुसारेमनं तेल ओतलं आणि तळव्यानं माझ्या अंगभर फिरवलं, आणि "हाय हाय" करत हात मागं घेतला. सकाळपासून जुलैचं ऊन खात उभी होते मी, तापले होते चांगलीच! तेल कडकडीत होणार नव्हतंच, बुडबुडाही आला नाही. पण वास आला. जवसाच्या तेलाचा, हलकासा, पण तोच. मी तो विसरले होते.

बुसारेमनं एक पोश्काल थापून माझ्यात सोडली, हात पसरले आणि त्या एकेचाळीस जणांना, आणि त्यांच्यामागून झुनूनला हाक मारली. पलीकडून एका पाहुण्यानं विचारलं, "कसला वास येतोय हो?" वाटाड्यानं पाटी वरून खालपर्यंत वाचली. पाटीत वासाचं काही नव्हतं.

"पोचला असेल का आका?" बुसारेमनं विचारलं.

"माझ्या नाकापर्यंत पोचला बघ. पुढचं मला ठाऊक नाही."

मलाही ठाऊक नाही, मित्रांनो. नव्वद वर्षांत पलीकडून परत येऊन कुणीच सांगितलेलं नाही.

बुसारेमनं पोश्काल उचलली. कडा वाळल्या होत्या, मध्ये पीठ तसंच. तिनं अर्धी मोडून होशूरच्या हातावर ठेवली.

"अगं, कच्ची आहे ही!"

"कच्ची तर कच्ची. माझ्या भावाच्या नावाची आहे, गुमान खा."

होशूर उभ्या उभ्या चावत राहिला. बुसारेमनंही खाल्ली, ओठ पुसले, आणि काठी टेकत निघाली.

मित्रांनो, तुमच्याकडंही एखादी जुनी वस्तू असेल. तिला जपा, जरूर जपा, तेलाचं बोट फिरवा, पाणी साचू देऊ नका. पण भोवती दोरी बांधण्याआधी एकदा एवढं विचारा, हिच्याकडं अजून कुणी येतं का?