हवा छान आहे

आई गेल्यावर तिने सहलींवरून धाडलेली पोस्टकार्डं घेऊन आत्या आली आणि एकेक वाचत डोळे टिपू लागली.

"‘हवा छान आहे, आम्ही मजेत.’ किती सुखी होती गं वहिनी!"

लेकीचा संयम सुटला. "आत्या, आई ही कार्डं निघण्याआधी घरीच लिहून ठेवायची! या कार्डातल्या डोंगरावर आम्ही तापाने फणफणलो होतो. बाबांशी तर ती अख्खी सहल बोलली नाही."

"असू दे. मला कार्ड तर आलं ना?"

हिच्यापुढे काय डोकं आपटायचं! लेकीने आईच्या पर्समधून, आजारपणात राहून गेलेल्या सहलीचं कार्ड काढलं. पत्ता आत्याचा, मजकूर तोच.

"हे टाकायचं राहिलं होतं," म्हणत तिने ते गठ्ठ्यावर ठेवलं.